सूट आणि पत

दिवाळी सरली की कर्नाटकातल्या जोयडा, रामनगर, दांडेलीच्या बाजारांत थंडीच्या कपड्यांचा सेल लागतो. दुकानाच्या दारात बांबूला स्वेटर लटकतात, कानटोप्यांचा ढीग पडतो, ब्लँकेटांच्या प्लास्टिक पिशव्यांची चळत पायरीपर्यंत उतरते आणि रिक्षावरचा कर्णा मराठीत नि कन्नडमध्ये आळीपाळीने 'अर्ध्या किमतीत' म्हणत फिरतो. या स्वस्ताईबद्दल सध्या बोललं जातं फार आणि विचार होतो थोडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, अडीच हजारांपर्यंतचे कपडे ५ टक्क्यांत बसले, तेव्हापासून तर ग्रामीण ग्राहकाचा जणू उत्सवच चालू आहे. जोयड्याच्या बाजारात ज्या स्वेटरवर हात पडतो तो तीनशे-चारशेचा असतो. हजारापर्यंतच्या कपड्यावर विक्रीचा कर आधीही ५ टक्केच होता. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाच्या नावाने एवढं बोललं गेलं, त्याच्या स्वेटरवरचा कर होता तिथेच राहिला. याची साधी नोंदही कुणी घेतली नाही.

सेलमुळे रानातली संस्कृती बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. सिद्दी बायका जुनेर जोडून ज्या सुंदर कवंद्या शिवतात त्या आता प्रदर्शनांत मांडल्या जातात. पण त्या कवंदीलाही जुनेर लागतं, आणि ते आधी कधीतरी बाजारातूनच घरात आलेलं असतं. 'किंमत आधी वाढवतात आणि मग सूट देतात' ही ग्राहकजागृतीही इथे कुणाला नवी नाही. रानातल्या वाडीवरून उतरलेली कुणबी बाई पोरासाठी स्वेटर घेताना पाहावी. आधी ती तो उलटा करते. काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणते, मनगटाची पट्टी ओढून सोडते, ती जागेवर परत येते का बघते. मग पोराला पाठमोरं उभं करून खांदे जुळवते आणि बाही हाताच्या खाली चार बोटं उतरते ना, याची खात्री करून घेते. एकाच थंडीत तोकडा होणारा स्वेटर तिला नको असतो. पाटीवरच्या टक्क्यांकडे तिचं लक्षही नसतं. 'शेवटचं किती सांगता?' इथून तिचा व्यवहार सुरू होतो. हिला फसवलं जातंय असं समजणाऱ्यांनी तिच्या शेजारी थोडा वेळ उभं राहावं.

मला ज्या मताशी भांडायचं आहे ते याहून वजनदार आहे, आणि ज्यांच्या हेतूबद्दल शंका घेता येत नाही अशी माणसं ते मांडतात. त्यांचं म्हणणं असं: रोखीचा, सूट देणारा बाजार गरिबाला मोकळं करतो. पूर्वी कापड दुकानदार गादीवर बसायचा, गिऱ्हाईक पायरीवर उभं राहायचं. वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नसे आणि विचारायची हिंमत नसे. आता किमतीची चिठ्ठी लावलेली आहे, पैसे टाकले की माल हातात. कोण कुणाचा, कुठल्या जातीचा, हे कुणी विचारत नाही. या मताला इतिहासही आहे. पॅरिसमध्ये अरिस्तीद बूसिको १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात शिरला, त्याने वस्तूंवर किमती लावल्या, जानेवारीत पांढऱ्या कापडाचा सेल भरवला, आणि मोलकरणीला नि मालकिणीला एकच भाव मिळू लागला. आपल्याकडची आठवण याहून कडवट. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, म्हणजे जोयड्यातल्या, धरणाखाली गेलेल्या जुन्या सुप्याशी ज्याचा काही संबंध नाही त्या सुप्यात, कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले. ज्या वहीची होळी झाली तिचं कौतुक आता कशाला, असा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दिलं पाहिजे.

आधी सूट कुणाला मिळते ते पाहू. स्वेटर ही मुदतीची वस्तू आहे. शिवरात्र उलटली की जोयड्यातसुद्धा पहाटेचं धुकं विरळ होतं, आणि जो माल तोवर गेला नाही तो पुढच्या कार्तिकापर्यंत माळ्यावर पडून राहतो. त्यात अडकलेला पैसा सोडवायला दुकानदार भाव पाडतो. आषाढात लग्नं नसतात म्हणून साड्यांचा सेल लागतो त्यातलं कारण हेच. यात गैर काही नाही; व्यापार असाच चालतो. पण ही सवलत मालाच्या अडचणीतून जन्मते, गिऱ्हाइकाच्या अडचणीतून नाही. त्या दिवशी समोर कोण उभं आहे, त्याच्या घरी काय आहे, भात खळ्यावर आलं की अजून शेतात आहे, याच्याशी तिचा काडीचा संबंध नसतो. कुणी विचारत नाही याला ही मंडळी समता म्हणतात. विचारायचंच नसेल तर ती समता झाली की बेफिकिरी, हा प्रश्न मात्र ती स्वतःला विचारत नाहीत.

दुसरं, रोखीचं हे तत्त्वज्ञान फक्त शेवटच्या माणसाला ऐकवलं जातं. हा स्वेटर बहुधा लुधियानाचा असतो, आणि लुधियानापासून इथवर तो पतीवरच येतो. कारखानदार ठोक व्यापाऱ्याला मुदत देतो, बेळगाव-हुबळीचा ठोक व्यापारी दांडेलीच्या दुकानदाराला मुदत देतो. याचं सर्वांत लखलखीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंडगोडला १९६६ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. त्या समाजातली कितीतरी कुटुंबं दर थंडीत गावोगाव स्वेटर विकायला जातात. देश सुटलेला, गहाण टाकायला जमिनीचा तुकडा नाही, अशा माणसांना लुधियानाच्या कारखानदारांनी थोडी रक्कम घेऊन बाकीचा माल उधारीवर द्यायला सुरुवात केली. हंगाम संपला की तिबेटी विक्रेते लुधियानाला जातात आणि हिशेब पुरा करतात. पुढच्या वर्षीचा माल त्याच भरवशावर उचलतात. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या टिकला आहे. इथे सवलत मालाला दिलेली नाही. ती माणसाला दिलेली आहे, तो परत येईल या ओळखीवर. साखळीतल्या प्रत्येक कडीला ही सोय हवी आणि मिळते. मग जोयड्याच्या बाईने तेवढं रोख मोजून स्वतंत्र व्हावं, हा आग्रह कुठल्या न्यायाने?

आता वहीबद्दल. वहीत आकडे फुगवले जात, हे खरं. उधारी फेडेपर्यंत अपमान गिळावे लागत, हेही खरं. काही जातींच्या माणसांचं खातंच उघडलं जात नसे, आणि या एका गोष्टीसाठी जुन्या कापडपेठेला मी कधीच निर्दोष म्हणणार नाही. पण १८७५ च्या दंगलीत लोक कशावर तुटून पडले ते नीट आठवावं. राग होता जमिनीवर लिहून घेतलेल्या रोख्यांवर, चक्रवाढ व्याजावर, आणि ते रोखे दिवाणी कोर्टात नेऊन शेत काढून घेण्याच्या ताकदीवर. म्हणूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्या व्यवहाराला लगाम घालायला आला. कर्जरोखा आणि कापड दुकानातलं खातं यांना एका गाठोड्यात बांधणं हा आळशी इतिहास आहे. रोख्यात तारण जमीन असते. खात्यात तारण नसतं. असतो तो फक्त अमक्या गावच्या अमक्याचा मुलगा. दुकानदाराच्या लांबट वहीत पान गावाच्या नावाचं असे आणि त्याखाली घरं. पीक बुडालं तर तो चिडायचा, बोलायचा, पुढचं कापड आखडता हात घेऊन द्यायचा. शेत मात्र त्याच्या हातात जायचं नाही, कारण ते त्याच्याकडे लिहून दिलेलंच नसायचं. ज्या दुकानदारांनी खात्याचा पुढे रोखा करून घेतला ते दुकानदार राहिले नाहीत, सावकार झाले. ही रेघ ज्याला दिसत नाही त्याला या तालुक्यातली गरिबी कळणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पत गावाला बांधलेली असते, आणि जोयड्यात गावं हलली आहेत. काळी नदीवरचं सुपा धरण १९८७ मध्ये पुरं झालं, तालुक्याचं जुनं ठाणं सुपा पाण्याखाली गेलं, बरीच कुटुंबं रामनगरला येऊन बसली. आता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आहे. अशा पुनर्वसनाची केंद्राच्या योजनेतली रक्कम कुटुंबामागे १० लाखांवरून २०२१ मध्ये १५ लाख झाली. पैसा मिळाला, हे मी कमी लेखत नाही. पण नव्या जागी त्या माणसाला सेलमध्ये सूट लगेच मिळते आणि पत मिळायला एक पिढी लागते. त्याला कुणी ओळखत नाही. हातातली रक्कम संपली की तो कुठल्याच वहीत नसतो.

माझ्या विरोधकांचा शेवटचा मुद्दा उरतो: वही गेली, कर्ज गेलं, आता जो तो आपल्या पैशाने घेतो. हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते खरं नाही. सेलमध्ये मोजलेल्या नोटा पुष्कळदा मायक्रोफायनान्सच्या असतात. बायकांचा गट, प्रत्येकीची सही, दर आठवड्याला नाहीतर दर महिन्याला हप्ता. वसुलीच्या जाचाच्या इतक्या तक्रारी आल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. म्हणजे कर्ज दुकानाच्या गादीवरून उठलं आणि दुसरीकडे जाऊन बसलं. दुकान तेवढं रोखीचं झालं. हप्ता गोळा करायला येणाऱ्या पोराला खातं क्रमांकाने माहीत असतं. यंदा भात पोटरीला असताना गव्यांनी तुडवलं, माळ्यावर रात्रभर जागूनही अर्धंच हाती लागलं, हे त्याने ऐकून घेतलं तरी त्याच्या हातात काही नसतं. त्याला थांबायचा अधिकारच दिलेला नाही.

सूट आणि पत यांतला माझ्या लेखी खरा फरक इथे येऊन ठेपतो. पत देणारा थांबतो. जोयड्यात थंडी आणि सुगी एकदम येतात: स्वेटर लागतो तेव्हा भात कापणीला किंवा खळ्यावर असतं, कंदमुळं अजून जमिनीत असतात, पैसा महिना-दोन महिन्यांनी यायचा असतो. त्या बाईला शंभर रुपये कमी होण्यापेक्षा तेवढे दिवस पुढे-मागे होणं जास्त मोलाचं असतं. व्याजाविना थांबण्याची सोय सरकारने केलेली नाही असंही नाही. कर्नाटकात सहकारी सोसायट्यांकडून बिनव्याजी पीककर्ज मिळतं, त्याची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. पण ते जमिनीच्या उताऱ्यावर मिळतं, आणि जंगलाच्या कडेने पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कितीतरी घरांच्या नावावर उताराच नाही. कापड दुकानदाराने उतारा कधी मागितला नव्हता.