अंगणातली कोंबडी आणि पाच अतिचार

कारापूरसारख्या गावात अहिंसेचा प्रश्न कुंपणावरून उडी मारून थेट आपल्या अंगणात येतो. शेजारची कोंबडी पिल्लं घेऊन आपल्या अळवाच्या वाफ्यात उकरायला लागते, आपण तिला हाकलतो, ती परत येते. आठ-दहा महिने ओळख झालेली असते. मग एखाद्या रविवारी पिल्लांतला मोठा झालेला कोंबडा दिसत नाही. कुठे गेला ते कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

डिचोली तालुक्यातलं हे गाव साखळीला लागूनच आहे. घरापाठी माड, फणस, काजू आणि पडवीच्या कोपऱ्यात खुराडं. सोमवार पाळणारी, श्रावणात शिवराक जेवणारी ही घरं एरवी मासळी-मांस खातात. त्यांच्या शेजाराला आपली बेळगाव-कोल्हापूरकडून आलेली दोन-चार जैन घरं. एकमेकींच्या लग्नाकार्यात आपण उभ्या राहतो, पाटावर पाट लावून बसतो. फक्त ताटात काय आहे त्यावर बोलायचं नाही, असा एक न बोललेला करार आहे.

मागे आपल्या स्वाध्यायाला एक मुलगी आली होती. पुण्याला शिकते. तिने तो करार मोडला. म्हणाली, "काकू, लोक आता म्हणतात की खायचंच तर घरी पाळावं, मोकळं फिरू द्यावं, आणि मारताना हाल न करता, धारदार सुरीने, बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड मारावं. बाजारातलं मांस आणण्यापेक्षा हे बरं नाही का? याला दया म्हणायचं की नाही?"

दोघी-तिघींनी कानावर हात ठेवले. मला मात्र प्रश्न योग्य वाटला. "मारणं म्हणजे मारणं, त्यात बरं-वाईट काय?" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते खरं नाही.

आधी बाजारातलं बघू. गोव्यात विकली जाणारी ब्रॉयलर कोंबडी बरीचशी बेळगाव बाजूहून टेंपोतून येते. पाच-सहा आठवड्यांत ती दोन किलोची होते. वाढ इतक्या वेगाची की पुष्कळदा पाय त्या अंगाचा भार पेलत नाहीत. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला वहीच्या कागदाएवढीही जागा मिळत नाही, तिला पंख पसरता येत नाही. त्या जातीची नर पिल्लं अंडी देणार नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून जन्मल्या दिवशीच संपवली जातात. युरोपीय संघाने असे उघडे पिंजरे 2012 पासून बंद केले, म्हणजे मांस खाणाऱ्या लोकांनाही ते बघवेना.

आता अंगणातली कोंबडी घ्या. ती वाळवी टिपते, राखेत लोळते, आपल्या अंड्यांवर स्वतः बसते, घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते. वाढायला तिला पाच-सहा महिने लागतात. हे जगणं जगण्यासारखं आहे. या दोन जिवांच्या वाट्याला आलेलं एकच आहे असं म्हणणारी बाई अहिंसेबद्दल बोलत नसते, ती फक्त ताटाबद्दल बोलत असते.

आणि इथेच मला आपलं शास्त्र नव्याने वाचावंसं वाटलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध म्हणजे बांधून, डांबून ठेवणं. वध म्हणजे मारझोड. छेद म्हणजे नाक-कान वगैरे अवयव कापणं-टोचणं. अतिभारारोपण म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर चारा-पाणी न देणं. लहानपणी आपण हे पाठ केलं, पण विचार कधी केला? पूज्यपादांनी टीकेत स्पष्ट केलंय की इथे वध म्हणजे काठी-चाबकाने मारणं, जीव घेणं नव्हे. जीव घेणं तर व्रत घेतलं तेव्हाच सुटलं. म्हणजे हे पाचही दोष कसायाचे नाहीत. ज्याच्या दारात जनावर बांधलेलं आहे, जो ते कधीच मारणार नाही, अशा श्रावकाचे ते दोष आहेत!

आपल्या देशाचा 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्याचं अकरावं कलम काढून बघा. मारझोड करणं, अतिभार लादणं, आखूड साखळीने बांधणं, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं, अन्नपाणी न देणं, अवयव तोडणं असे गुन्हे तिथे ओळीने दिलेत. आपले पाचही अतिचार त्यात आहेत. फरक पुढे आहे. विनाकारण यातना न देता खाण्यासाठी मारलं, तर कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही. व्रत तिथे थांबू देत नाही.

का थांबू देत नाही, हे त्या मुलीला सांगायला हवं होतं. यातना हाच एक प्रश्न असता, तर यातनेशिवाय मारलं की प्रश्न मिटला असता. पण कोंबडीला दुखू नये एवढंच वाटत नाही, तिला जगायचंही असतं. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं जगणं जन्मल्यापासूनच हिरावलेलं असतं. अंगणातल्या कोंबडीकडे खरोखरचं जगणं असतं, आणि सुरी तेवढं सगळं घेते. जितकं चांगलं पाळलं, तितकं जास्त घेतलं. आणखी एक गोष्ट मला टोचते. रोज सकाळी दाणे टाकताना जी हाक मारली, त्याच हाकेला ती शेवटच्या दिवशीही धावत येते. अनोळखी माणसाच्या हाती ती लागली नसती. दयेने पाळल्यामुळे जो विश्वास तयार झाला, त्याच विश्वासाने तिला पकडून दिलं. म्हणून पाळण्यात दया असू शकते, असतेच. मारणं कमी क्रूर करता येतं, तेही केलंच पाहिजे. पण त्याला दया हे नाव देता येत नाही.

आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे, ती याहून पुढे जाते. राजाला स्वप्न पडलं, त्याच्या शांतीसाठी आईने बळी द्यायला सांगितलं. जिवंत प्राणी मारायला तो तयार होईना, तेव्हा मधला मार्ग निघाला आणि पिठाचा कोंबडा करून कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही मारण्याचा संकल्प झाला, म्हणून माय-लेक मोर, कुत्रा अशा योनींतून फिरले आणि शेवटी खरोखरचे कोंबडे होऊन मेले. दहाव्या शतकात सोमदेवांनी संस्कृतात आणि पुष्पदंतांनी अपभ्रंशात ही कथा लिहिली, पुढे जन्नाने कन्नडमध्ये. गावोगावी कोंबड्याचा मान द्यायची चाल असलेल्या आपल्या मुलखात ती ऐकताना अंगावर काटा येतो. तिचा रोख शेजाऱ्यांवर मात्र नाही. हात स्वच्छ राहिले म्हणजे मन स्वच्छ राहिलं, असं समजणाऱ्या माणसावर आहे. तो माणूस मला आपल्याच घरात जास्त भेटतो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या वहिनीला माहेरी आठ दिवस जायचं होतं. तिच्या अकरा कोंबड्या. मला म्हणाली, "वयनी, दाणे आनी उदक तेवढें घालशात? दुसऱ्या कोणाक सांगूं?" घरात यावर मोठी चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं होतं, ज्यांना पुढे कापणार त्यांना आपण पोसायचं म्हणजे ती अनुमोदनाच झाली. कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्ही सारखेच की नाही? त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. अनुमोदना मारण्याची होते, जगण्याची होत नाही. आज ती कोंबडी तहानलेली आहे, आणि उद्या तिचं काय होणार यावरून मी तिचं आजचं पाणी तोडलं, तर तो सरळ अन्नपाननिरोध. दोष दुसरीच्या सुरीचा आणि शिक्षा कोंबडीला! मी हो म्हटलं. दोन अटी घातल्या. अंडी मी उचलणार नाही आणि गिऱ्हाईक आलं तरी पक्षी हातात देणार नाही. ती हसली आणि म्हणाली, "तें म्हाका खबर आसा." सासूबाईंना अजून ते पटलेलं नाही, आणि त्यांनी आपलं मत सोडावं असं मीही म्हणत नाही.

त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली. त्या बाईच्या संसारात कोंबड्यांचा पैसा हा तिचा स्वतःचा पैसा आहे. 2012 साली खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. या तालुक्यात कितीतरी घरांतले ट्रक दारात उभे राहिले. तेव्हा अंड्यांचे चार पैसे बाईच्या हातात खेळत होते. तिच्यासमोर उभं राहून पापाचा पाढा वाचायचा, तर आधी तिच्या अडचणीत आपण काय दिलं ते सांगावं लागेल.

इथली माती आपल्याला परकी नाही. कुडण्याचं गुजीर, नार्व्याचं जैनकोट या आपल्याच तालुक्यातल्या जुन्या जैन खुणा, आणि फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष उभे आहेत. नेमिनाथांची कथा आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि वरात परतवली. लक्षात घ्या, जनावरं अजून जिवंत होती. मारणार कसे, हाल करून की न करता, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मेजवानी दुसऱ्या कुणासाठी नव्हती, त्यांच्याच लग्नाची होती. "हे माझ्यासाठी चाललंय" एवढं कळल्यावर ते वळले.

मग आपल्यासाठी काय चाललंय? आपल्या पूजेला, पारण्याला, चहाला रोज दूध लागतं. गाय-म्हैस व्यायल्याशिवाय दूध येत नाही, आणि व्यायली की निम्मी पिल्लं नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैल-रेड्याला काम उरलं नाही. ते पाडस, ते रेडकू कुठे जातं? वासराच्या तोंडचं दूध तोडणं हा पाचवा अतिचार, आखूड दाव्याने दिवसभर एका जागी बांधणं हा पहिला, वेसण टोचणं हा तिसरा. हे सगळं पिशवीतल्या दुधात दिसत नाही. शेजारणीची सुरी निदान दिसते तरी. दिसते म्हणून ती निर्दोष होत नाही, आणि आपल्याला दिसत नाही म्हणून आपणही होत नाही.

यावर करण्यासारखं काही आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ते केलेलं आहे. 1832 साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, त्यावरून दंगल झाली, आणि 1834 साली भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. त्यात जैन शेठ अमीचंद होते आणि पारशी सर जमशेटजी जीजीभॉयही होते. पारशी मांसाहारी समाज. ताटावर एकमत नसताना जिवंत जनावराच्या चाऱ्यापाण्यावर दोघांचं एकमत झालं. आमच्या गावातही तसं होऊ शकतं. कोंबड्या पाय बांधून उलट्या लटकवून बाजाराला नेऊ नयेत, डालग्यात पाणी असावं, मुलांसमोर खेळ म्हणून कापू नये, एवढं शेजारणीशी मैत्रीने बोलता येतं. मी बोलले, तिने ऐकलं. त्याने ती जैन झाली नाही आणि मीही तिच्या सुरीला हो म्हटलं नाही.

पण तिला सांगायच्या आधी आपलं घर. दूध घालणाऱ्या भाऊंना येत्या महिन्यात एकच प्रश्न विचारा, "तुमच्याकडे शेवटचा पाडा झाला, तो आता कुठे आहे?" उत्तर ऐकून घ्या. पटलं नाही तर दूध कमी करा, गोठा बदला, किंवा दोन घरांनी मिळून एका पाड्याच्या चाऱ्याचा खर्च उचला. पर्युषणात दान काढतोच, त्यातलं थोडं इथे वळवा. आमच्या तीन घरांनी यंदा एक पाडा असा धरलाय. महिन्याचा चारा महाग पडतो. दूध खरोखर केवढ्याला पडतं, हे मला पहिल्यांदाच कळतंय.