वंगणाचे ऋण

ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, अशा माणसाचे आपल्यावर काही ऋण असते काय? हा प्रश्न आमच्यापुढे एका गंजलेल्या आसाने उभा केला.

समुद्रकाठच्या गावी नोकरीनिमित्त राहणाऱ्यांस खाऱ्या वाऱ्याचा प्रताप सांगावयास नको. खिडकीचे गज, कडीकोयंडे, सायकलची साखळी, काहीच त्यातून सुटत नाही. आमची जुनी मारुती ८०० देखील सुटली नव्हती. तिच्या पुढील चाकाचे बेअरिंग घरीच बदलण्याचे आम्ही ठरविले. त्यासाठी हबमध्ये बसलेले आसाचे टोक आधी मोकळे करावे लागते. मधला मोठा नट सैल झाला. आस मात्र जागचा हलेना.

लोखंडास पाणी व प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो, आणि मीठ त्याला घाई करते. शिवाय गंज मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आस व हब यांच्या एकमेकांत बसलेल्या खाचांतील केसाएवढी फट भरून निघते आणि दोन भाग एकजीव झाल्यासारखे होतात. अशा वेळी हात प्रथम हातोड्याकडे जातो. परंतु बेताल घाव बसले तर टोकाचे आटे चेपतात आणि नट पुन्हा बसेनासा होतो. म्हणून जाणते लोक नट आट्यांच्या टोकापर्यंत आणून तसाच ठेवतात, फटीत पातळ तेल सोडतात, रात्रभर थांबतात आणि मग पुलर लावून दाब हळूहळू वाढवितात. आम्हीही तसेच केले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी आस सुटला.

बळापेक्षा धीर श्रेष्ठ ठरला, असे येथे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण अपुरे आहे. एवढा धीर धरण्याची पाळी का आली, हेही पाहिले पाहिजे. बाहेर आलेल्या खाचांवर वंगणाचा मागमूसही नव्हता.

आस बसविणाऱ्याची बाजूही ऐकावयास हवी. चाक फिरत होते, मजुरी मिळाली होती. त्याचे काम पुरे झाले होते. वंगण लावले असते तरी ते कोणास दिसले नसते. श्रम त्याचे, आणि लाभ काही वर्षांनी एका अनोळखी माणसाचा. जेथे दंडाचे भय नाही आणि कौतुकाची आशा नाही, तेथे कर्तव्य कशाच्या आधारावर सांगावयाचे? देवाणघेवाणीवर उभी असलेली नीती येथे निरुत्तर होते.

तरीही ते कर्तव्यच आहे, असे आम्हांस वाटते. झिजणारी वस्तू जोडताना ती पुढे कोणीतरी उघडणार, हे जोडणाऱ्यास ठाऊक असते. तो माणूस निनावी असला तरी काल्पनिक नसतो. दिल्लीत राहिलेल्या वाचकांनी मेहरौलीचा लोहस्तंभ पाहिला असेल. सुमारे १६०० वर्षे तो उन्हापावसात उभा आहे. त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे पृष्ठभागावर रक्षक थर धरला, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण स्तंभास फिरावयाचे नसते आणि सुटावयाचेही नसते. आपली बहुतेक कामे आसाच्या जातीची असतात.

बदलीच्या नोकरीत तर हे पदोपदी जाणवते. आज आपण बांधलेली फाईल उद्या दुसरा उघडणार असतो. निर्णय कोणत्या कारणाने झाला, कोणता कागद कोठे लावला, हे सांगणारी दोन ओळींची टिपणी म्हणजे त्या फाईलचे वंगण. ती नसली तर नवा माणूस एक तर हातोडा उचलतो आणि सारे नव्याने उकरतो, नाही तर भिऊन हातच लावीत नाही. दोन्हींत पेन्शनसाठी खेटे घालणारी एखादी विधवा मात्र भरडली जाते. आणि तिला तर आपण दोघेही ठाऊक नसतो.

मागच्याने आपले ऋण फेडले नाही, म्हणून आपले माफ होत नाही. कोरड्या खाचांचा त्रास ज्याने सोसला, त्याला अज्ञानाची सबबही उरत नाही. हे ऋण मागे फेडता येत नाही. ते पुढच्याच्याच हाती द्यावे लागते.