नारिंगी बंडी

ईश्वराला काहीच मिळवायचं उरलेलं नाही, तर मग त्याने हे जग केलं तरी कशाला? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रश्न येतो आणि बादरायण एका ओळीत तो सोडवतात: ही त्याची लीला. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात दोन दाखले देतात. पहिला राजाचा, नाहीतर त्याच्या अमात्याचा. ज्याच्या सगळ्या इच्छा पुरल्या आहेत तो काही पदरात पाडून घ्यायला खेळत नाही, नुसता खेळतो. दुसरा दाखला श्वासाचा. श्वास आत-बाहेर होतो तो काही साधायचं म्हणून नाही, तो त्याचा स्वभावच.

हे भाष्य मी बोटीवर नोकरीला असताना वाचलं, इंजिनरूमचा वॉच संपल्यावर, मराठी भाषांतर शेजारी ठेवून. राजाचा दाखला तेव्हा एकदम पटला. पोट भरलेलं असावं, डोक्याला घोर नसावा, मग माणसाला खेळ सुचतो, अशीच माझी समजूत होती. कॉलेज संपल्यावर फुटबॉल सुटला तोही याच हिशेबाने. आधी नोकरी, मग घर, आईचं आजारपण, मुलींची शिक्षणं. सगळं मार्गी लागलं की खेळू. चाळिशी उलटल्यावर दक्षिण कोरियात पुन्हा बूट पायात चढवले आणि राजाचा दाखला मला पटेनासा झाला.

मी राहतो ओक्पोला, गोजे बेटावर. या बेटावर दोन अवाढव्य जहाजकारखाने आहेत. एक सॅमसंगचा, आणि ओक्पोतला हानह्वाचा, ज्याला २०२३ पर्यंत देवू म्हणत. जहाजमालकाच्या वतीने नव्या गॅसवाहू जहाजांच्या टाक्या तपासणं हे माझं काम. नैसर्गिक वायू उणे १६३ अंशांवर द्रव होऊन त्या टाक्यांत बसतो. काही जहाजांत आतलं अस्तर इन्व्हार या मिश्रधातूच्या अवघ्या ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं असतं, आणि त्याचा सांधा न् सांधा तपासावा लागतो. तिथे एकही गोष्ट विनाकारण नसते. शिडी कुठे टेकवायची, बूट कोणते घालायचे, यालाही कारण असतं. आठवडाभर अशा कारणांत वावरलेली माणसं रविवारी पहाटे, अजून अंधार असतानाच, कृत्रिम गवताच्या मैदानावर जमतात. कोरियात याला ‘जोगी चुक्कू’ म्हणतात, पहाटेचा फुटबॉल. असे क्लब गावोगावी आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सेक्रेटरींनी आधी जन्मसाल विचारलं, मग कुठल्या जागेवर खेळता ते. वयाने कोण थोरला ते ठरल्याशिवाय कुणाला कशी हाक मारायची हेच इथे कळत नाही. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे क्वार्टर असतात, सगळ्यांना पाळीपाळीने खेळायला मिळतं. बाहेर बसलेले शेजारच्या जाळीवर पायांनी व्हॉलीबॉल खेळत अंग गरम ठेवतात. गवतातले रबराचे काळे कण मोज्यांतून घरी येतात आणि सोमवारी साइटवर बुटांत टोचतात.

आमचा गोलकीपर साठीच्या घरात आहे. त्याचं तळलेल्या चिकनचं दुकान आहे. शनिवारी गिऱ्हाईक उशिरापर्यंत बसतं, म्हणून शटर ओढायला दोन वाजतात. तो घरी न जाता दुकानातच बाकावर पडतो आणि तिथूनच थेट मैदानावर येतो. जॅकेटला तेलाचा वास तसाच असतो. २०१५ नंतर जहाजांच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा हजारो कामगार बेट सोडून गेले, त्याची गिऱ्हाइकंही गेली. कर्ज डोक्यावर होतं. त्या काळातही तो एकही रविवार चुकला नाही, असं बाकीचे सांगतात. मी त्याला विचारलं, तेव्हा कशाला यायचात? तो म्हणाला, रविवार होता ना.

या माणसाची कुठली इच्छा पुरली होती? राजाच्या दाखल्यात तो बसत नाही. मीही बसत नाही, आणि आमच्यातला कुणीच बसत नाही. श्वासाचा दाखला जवळचा आहे, कारण श्वास घ्यायला कुणी कर्ज फिटायची वाट बघत नाही. पण तोही पुरता लागू पडत नाही. श्वासाला गजर लावावा लागत नाही. फेब्रुवारीत समुद्रावरून वारा येतो, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधावा लागतो, बायकोची झोपमोड होते. आम्ही जे करतो ते ठरवून, अंगाला त्रास देऊन करतो. आणि हेही खरं की आचार्य त्याच सूत्रावर पुढे सांगतात, सृष्टीची ही सगळी चर्चा अविद्येने उभ्या केलेल्या नामरूपापुरतीच आहे. म्हणजे लीला दाखवली आणि लगेच मागे घेतली. ज्याचा गुडघा खरोखर दुखतो त्याला हे मागे घेणं मान्य करणं जड जातं.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. गांधी मैदानावर वाढलो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, या संघांच्या नावात आजही ‘तालीम’ आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की अख्खं शहर दोन बाजूंना उभं राहतं. त्या खेळावर माझा जीव होता, अजून आहे. पण तिथे आम्ही पेठेची इभ्रत घेऊन उतरायचो. जिंकलं तर गुलाल, हरलं तर गल्लीतून मान खाली घालून घरी. समोरचा संघ म्हणजे समोरची पेठ. त्यांच्यात आणि आमच्यात काही एक असू शकतं हे त्या वयात मनातही आलं नाही.

ओक्पोत ते रविवारी दिसतं. बाहेरचा संघ आला नाही की क्लब आपल्यातच खेळतो. सेक्रेटरी एक जाळीची पिशवी सोडतात. आत जाळीदार नारिंगी बंड्या, मागच्या रविवारच्या घामाने अजून दमट. निम्म्यांच्या अंगावर त्या चढतात आणि एका क्लबाचे दोन संघ होतात. मग चुरस अशी की कुणी कुणाला सोडत नाही. भाऊ भावाच्या पायातला चेंडू काढतो, जावई सासऱ्याला चकवतो. शिट्टी झाली की समोरासमोर रांगेत उभे राहून दोन्ही संघ वाकतात, बंड्या काढतात, पिशवीत टाकतात, आणि पुढच्या क्वार्टरला त्या दुसऱ्यांच्या अंगावर जातात.

अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात ज्ञानदेव शिव आणि शक्ती यांना वंदन करतात. ती दोघं मुळात एकच. पण एकटेपणी गोडी चाखता येत नाही, म्हणून निव्वळ आवडीपोटी ते एक दोन होतं. आणि दोन झाल्यावरही त्यांचं एकपण मोडत नाही. ज्ञानदेव ही लीला मागे घेत नाहीत. त्यांच्या लेखी जग हा चिद्विलास आहे, चैतन्याचाच खेळ, खोडून टाकायचा भ्रम नव्हे. हे प्रकरण मी अनेकदा वाचलं होतं, पण सुंदर कविता म्हणून. एक असलेलं दोन होतं म्हणजे प्रत्यक्षात काय होत असेल, हे मला त्या पिशवीमुळे कळलं. गरज आवडीची आहे. इच्छा सगळ्या पुरलेल्या असोत की अपुऱ्या, समोर कुणीतरी लागतं. कर्जात बुडालेल्या गोलकीपरलाही समोर चेंडू मारणारा लागतो, आणि रविवारी तो असतो.

वर्षाच्या सुरुवातीला, थंडी असतानाच, क्लबाची ‘गोसा’ होते. मैदानाच्या कडेला टेबल, त्यावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, फळं, सुका मासा, तांदळाची दारू. सेक्रेटरी कागदावर लिहून आणलेली प्रार्थना वाचतात आणि मग तो कागद जाळतात. एकेक जण पुढे होऊन जमिनीवर डोकं टेकतो आणि डुकराच्या तोंडात १०,००० वॉनची नोट खोचतो. मागणं एकच: वर्षभर कुणाला दुखापत होऊ नये. जिंकण्याचा उल्लेखही नाही. मीही डोकं टेकलं, तालमीच्या हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायचो तसंच. फळाची इच्छा सोडणं म्हणजे मन कोरडं करणं असं मी गीतेवरची प्रवचनं ऐकत समजत आलो होतो. इथे इच्छा चांगली धगधगती होती. फक्त ती पुढच्या रविवारच्या खेळाची होती, खेळातून मिळणाऱ्या कशाची नव्हती.

आमचा एक मिडफिल्डर प्रोटेस्टंट आहे, त्याच्या चर्चमध्ये डीकन. तो मुंडक्यापुढे वाकत नाही. बाजूला उभा राहून, मान लववून स्वतःची प्रार्थना करतो. कुणी त्याला आग्रह करत नाही, तोही कुणाला नावं ठेवत नाही. खेळून झाल्यावर अकराच्या उपासनेला जातो. त्या दिवशी गरम सूप-भात खाताना त्याने मला विचारलं, तुम्ही नेमके कुणापुढे वाकलात? मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये शिव-शक्तीचं आणि बंड्यांचं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, आमच्या देवाने जग खेळ म्हणून केलं नाही. आणि मग त्यानेच फोनवर बायबलमधल्या नीतिसूत्रांचा आठवा अध्याय काढला. तिथे सृष्टी घडत असताना प्रज्ञा देवाच्या शेजारी आहे, रोज त्याच्यापुढे हर्ष करते आहे, आणि माणसांत रमते आहे.

त्यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, तो हर्ष निर्मात्याच्या कामाबद्दलचा आहे, त्याला खेळ म्हणता येणार नाही; काम आधी, हर्ष त्याच्यामागून. मी म्हणतो, काम चालू असतानाच जो हर्ष रोज होतो त्याला काम संपायची वाट बघावी लागत नाही, आणि तुम्ही पहाटे येता तेही काम संपवून येत नाही. यावर तो मान हलवतो, पटल्यासारखी नाही, विचारात पडल्यासारखी. पुढच्या वेळी तो त्याच्या पाद्रींना विचारून येणार आहे.