बरणी कोणासाठी?

अपरिग्रहावर बोलणे झाले की एक प्रश्न हमखास येतो: मग वर्षाचे लोणचे घालायचे की नाही? आपण हसतो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्याची काळजी ईश्वराला आहे असे म्हणायचे आणि फडताळात दहा बरण्या भरून ठेवायच्या, यात तुम्हाला विसंगती वाटत असेल तर ती शंका प्रामाणिक आहे.

तिचे उत्तर शोधायला कुंभकोणला जाऊ. 17 व्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले, तेव्हापासून कावेरीच्या या मुलखात मराठी घरे आहेत. तिथल्या मेलकावेरी भागातले असे एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. आपल्यासारखी थंडी तिथे नाही. अडचणीचे दिवस म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस. म्हणून उन्हाळ्यात वत्तल आणि वडाम वाळवायचे, आणि टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा तोक्कू करून ठेवायचा. टोमॅटो, चिंच, लाल तिखट, मेथी, हिंग आणि हात सैल सोडून तिळाचे तेल. पातेलेभर टोमॅटो मंद आचेवर आटत आटत बरणीभर होतात. कडेने तेल सुटले की झाले. (गंमत म्हणजे याच टोमॅटोला अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात अजून प्रवेश नाही. परदेशातून आलेला पाहुणा तो!)

टिकतो कशाने? चिंचेच्या आणि टोमॅटोच्या आंबटपणाने, मिठाने, आणि वर तरंगणाऱ्या तेलाने, जे हवा आत जाऊ देत नाही. शत्रू एकच, ओलावा. एक ओला चमचा गेला की चार दिवसांत बुरशी धरते आणि सगळी बरणी वाया जाते. म्हणजे साठवण हे निष्काळजीपणे करायचे काम नाही. त्यात लक्ष लागते, स्वच्छता लागते. याला परिग्रह म्हणणे मला तरी जड जाते.

नोव्हेंबर 2018 मध्ये गज चक्रीवादळ कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर आले. कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. फ्रीज म्हणजे नुसते कपाट. अशा वेळी भात शिजवता आला की त्यावर घालायला बरणीतला तोक्कू असणे ही चैन नव्हे. आणि शेजाऱ्याकडे तोही नसेल तर?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. 2023 च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या वर गेले होते. त्या महिन्यात तुमच्या घरी भरलेली बरणी असती, तर ती तुम्ही पुढच्या रांगेत ठेवली असती की मागच्या? मी स्वतःला हे विचारले तेव्हा उत्तर फारसे आवडले नाही. बरणी भरताना मनात घरच्यांची काळजी असते. भाव चढला की त्याच बरणीत भीती कधी शिरते ते कळत नाही. पदार्थ तोच, बरणी तीच. ओल्या चमच्यासारखेच हे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात त्यांनी कोठार लोकांसाठी उघडले. पण आधी कोणीतरी ते भरले होते, हे आपण सांगायला विसरतो. रिकामे कोठार उघडून पंतांनी काय दिले असते?

आणि कुंभकोणचे नावच पाहा. प्रलयाआधी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजे एका कुंभात भरली, पुराच्या पाण्यावर तरंगत तो कुंभ इथे येऊन लागला, आणि किराताच्या रूपातल्या शिवाने बाण मारून तो फोडला, अशी तिथली कथा. सांडलेल्या अमृताचा महामहम तलाव झाला म्हणतात. दर बारा वर्षांनी तिथे स्नानाला लोक लोटतात. 2016 मध्ये महामहम झाला, पुढचा 2028 मध्ये. पूर होता तोवर कुंभ बंद राहिला, आणि पाणी ओसरल्यावर तो जपून ठेवावा असे शिवाला वाटले नाही.

आज स्वयंपाकघरात गेलात की मागच्या रांगेतली बरणी पुढे घ्या. झाकण काढून वास घ्या. चांगला असेल तर तुमच्या मजल्यावर कोणाकडे सध्या आजारपण आहे, कोणाची आई गावाला गेली आहे, ते आठवा आणि एका वाटीत काढा. चमचा मात्र कोरडा असू द्या.