नुडल्या आणि मापाडी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आबांनी मापाडी म्हणून उभी हयात काढली. गोणी काट्यावर चढली की आकडा दिसायच्या आधीच त्यांच्या तोंडून निघायचा, आणि तो सहसा चुकायचा नाही. व्यापारी असो की शेतकरी, आबांच्या मापात पाप नाही हे दोघेही मानायचे. घाऊक बाजार मुंबईतून खाडीपलीकडे हलला तसे साताऱ्याकडचे कितीतरी लोक त्याच्या मागोमाग नवी मुंबईत आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने त्या पिढीच्या कष्टकऱ्यांना माणसात आणलं. आबा त्याच लाटेतले, मूळचे पाटण तालुक्यातले. आता कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरावर चढवलेले दोन मजले, गळ्यात तुळशीची माळ आणि सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी.

निवृत्तीनंतर सगळं सुखात चालायला हवं होतं, तसं ते चाललं नाही. मार्केटची वेळ अंगात मुरलेली, त्यामुळे रात्री तीनला डोळा उघडायचा आणि उठून जायला कुठे गाळा नसायचा. मग दिवसभर चिडचिड. दूधवाला उशिरा आला, पेपर ओला आला, खालच्या स्कूटरवाल्याने गाडी आडवी लावली, कारण कोणतंही चालायचं.

अशात मुलाची बंगळुरूला बदली झाली. तिथल्या घरमालकाने कुत्रा चालणार नाही म्हणून सांगितलं आणि नातीचा गावठी कुत्रा आबांच्या गळ्यात पडला. नातीने त्याचं नाव ठेवलं होतं नूडल. आबांच्या तोंडात ते बसेना. त्यांनी त्याचा नुडल्या केला.

नुडल्याने पहिल्याच आठवड्यात आबांची कोल्हापुरी चप्पल, त्यांच्या बायकोची, म्हणजे आक्कांची, देवपूजेची गादी आणि टीव्हीचा रिमोट निकालात काढला. रात्री दाराशी उभा राहून रडायचा. कोणी जिना चढलं की भुंकायचा. आबा त्याच्यावर ओरडायचे, की तो आणखी भुंकायचा, की आबा आणखी ओरडायचे. एकदा तर ताटातली भाकरी पळवली म्हणून आबा उरलेली चप्पल उगारून त्याच्यामागे थेट गच्चीपर्यंत गेले. आक्का जिन्याखालून म्हणाल्या, "आवं, नामदेव म्हाराज कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलं व्हतं. तुमी चप्पल घेऊन धावताय. माळ काढून ठेवा तरी."

आबा खाली आले ते मुकाट्याने. माणूस वारकरी असला की असा टोला बरोबर बसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्टरमधल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. "ह्याला गप बसायचं इंजेक्शन द्या." बाईंनी आधी नुडल्याला तपासलं. दात, कान, पोट, पाय, सगळं ठीक होतं. मग त्या आबांकडे वळल्या. "काका, तो सारखा जांभया देतोय बघितलंत? ओठ चाटतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. हा मस्तवाल नाही, घाबरलेला आहे. माणसं गेली, घर गेलं, आणि नव्या घरात कायम आरडाओरडा." आणि मग त्यांनी स्वीडनची गोष्ट सांगितली. तिथल्या लिनशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकांचे केस तपासले होते. ताणाने शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि ते वाढत्या केसात साठत जातं. ज्या मालकांच्या केसात ते जास्त, त्यांच्या कुत्र्यांच्या केसातही जास्त आढळलं. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. गंमत अशी, की कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावाशी त्या आकड्याचा फारसा संबंध लागेना, मालकाच्या स्वभावाशी मात्र लागला.

"म्हंजे माझं प्रेशर ह्याला लागलंय?"

"प्रेशर नाही, पण अस्वस्थपणा नक्की. रोज वीस मिनिटं त्याच्याजवळ नुसते बसा. खाली, जमिनीवर, थोडं तिरकं. बोलवायचं नाही, हात लावायचा नाही, डोळ्यात बघायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत."

फी दिली, पण आबांना हा इलाज काही पटला नाही. नुसतं बसायचं? हे काय काम झालं?

कामापेक्षा ते अवघड निघालं. आबा भिंतीला टेकून बसायचे. दोन मिनिटांत पायाला मुंग्या, पाच मिनिटांत खालच्या स्कूटरची आठवण, सातव्या मिनिटाला "आक्के, किती झाली गं?" नुडल्या समोरच्या कोपऱ्यात चारही पाय पोटाखाली घेऊन बसलेला, कधीही पळता येईल असा. आबांच्या डोक्यात हिशेब चालायचा: आज इतका वेळ दिला, उद्या त्याने इतकं तरी भुंकणं कमी करावं. हिशेब काही जुळायचा नाही. ज्या माणसाने परक्याच्या कांद्याला कधी पावशेराची तूट येऊ दिली नाही, तो घरातल्या जिवाला वीस मिनिटं म्हणून सात मिनिटं देत होता, आणि त्यावरही परतावा मागत होता. हे आबांच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. आलं तेव्हा त्यांनी वेळ विचारणं सोडलं.

मग एका दुपारी, बाहेर पाऊस आणि आत अर्धवट अंधार असताना, नुडल्याने नाकातून एक मोठा सुस्कारा सोडला आणि मागचा भाग एका कुशीला कलता केला. एवढंच झालं. दुसऱ्या कोणाला काही दिसलंही नसतं. पण काट्याचा बारीक कल ओळखण्यात ज्याचा जन्म गेला त्याला दिसलं: जनावराने अंगाचा भार जमिनीवर टाकला होता. आबांनी हात पुढे केला नाही. स्वतःचेही खांदे किती वर चढलेले होते हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते त्यांनी खाली सोडले.

पुढे नुडल्या आपण होऊन जवळ यायला लागला. बाईंनी आणखी एक युक्ती सांगितली होती: डोक्यावर वरून थोपटू नका, हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवा, आणि मधेच थांबा. त्याला हवं असेल तर तो हात ढोसेल, नको असेल तर वळेल; दोन्ही उत्तरं मान्य करा. आबांना हे फार आवडलं. आयुष्यभर भाव दोन्हीकडून ठरताना पाहिलेला माणूस तो.

डोळ्यांचंही तसंच. घाबरलेल्या कुत्र्याला आपण रोखून पाहिलं तर त्याला ती धमकी वाटते. विश्वास बसला की मात्र तो स्वतः बघतो, मऊ नजरेने. जपानच्या अझाबू विद्यापीठात ताकेफुमी किकुसुई आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की असं एकमेकांकडे पाहत राहिल्याने कुत्रा आणि माणूस दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं ते हेच द्रव्य. आक्कांनी ही माहिती ऐकून "ह्यात नवं काय?" एवढंच विचारलं.

खरी परीक्षा लक्ष्मीपूजनाला झाली. कोपरखैरण्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या दारात लावलेली माळ आपल्या घरात फुटल्यासारखी वाजते. पहिल्या सुतळी बॉम्बला नुडल्या दिवाणाखाली घुसला आणि थरथरायला लागला. आबांच्या जिभेवर शिवी आली होती. पण ते रोज त्याला फिरवायला धारण तलावाकडे न्यायचे, आणि तिथल्या कट्ट्यावर बसून त्या तलावाचा हिशेब त्यांना पाठ झाला होता. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे म्हणून सिडकोने हे तलाव बांधले. भरतीला खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी आत थांबून राहतं. ओहोटी लागली की ते आपोआप बाहेर पडतं. भीतीलाही भरती असते, तेव्हा दारं लावायची आणि थांबायचं, असं आबांनी ठरवलं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, टीव्हीवर अभंग लावले. नुडल्याला ओढून बाहेर काढलं नाही. दिवाणाला पाठ लावून फरशीवर बसले आणि सावकाश श्वास सोडत राहिले. सारवलेल्या अंगणात पालखीची वाट बघत बसावं तसे नव्हे हं. गुडघे ठणकत होते आणि गल्लीतल्या पोरांचा रागही येत होता. पण बसले. साडेअकराच्या सुमारास दिवाणाखालून एक ओलं नाक बाहेर आलं आणि आबांच्या पायावर हनुवटी टेकून थांबलं.

आबांची गोळी बंद झालेली नाही, हे सांगायला हवं. कुत्रा म्हणजे औषध नव्हे. रात्री तीनला डोळा अजूनही उघडतो. फक्त आता ते उठून येरझाऱ्या घालत नाहीत.

हे सगळं बघून महाप्याच्या आयटी कंपनीत जाणारे शेजारी परवा आबांकडे आले. कामाचा फार ताण आहे, म्हणून घरात हस्की आणायचं ठरवलंय, कसं करता ते सांगा, म्हणाले. बर्फातल्या त्या केसाळ जनावराचे एप्रिल-मेच्या उकाड्यात काय हाल होतील, हे आबांनी आधी त्यांना नीट समजावलं. मग म्हणाले, "कुत्रा राहू द्या सध्या. महिनाभर संध्याकाळी इथं येऊन बसा. आपल्याला बसता येतं का बघा. आलं, तर माझ्याकडं या, एखादं गावठी पिल्लू बघू."

हस्की रद्द झाला. शेजारी रोज सातला येऊन बसतात, आणि आक्कांना चहाचं आधण एक कप जास्त ठेवावं लागतं.