मुक्कामाची उंची

नेपाळमधलं मनांग गाव साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. पाठीवर सॅक घेऊन अन्नपूर्णेची प्रदक्षिणा करणारे प्रवासी इथवर येतात, तेव्हा कित्येक दिवसांची चाल मागे पडलेली असते. पुढे ५४१६ मीटरवरची थोरांग ला खिंड असते. पाय चालायला तयार असतात. तरीही इथे एक दिवस थांबायची रीत आहे.

त्या दिवशी सॅक खोलीतच ठेवायची आणि नुसती पाण्याची बाटली घेऊन जवळचा एखादा चढ चढायचा. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. चार पावलं, मग थांबा. खाली गंगापूर्णेच्या हिमनदीचं हिरवट तळं दिसू लागतं. दुपारनंतर मात्र कष्टानं मिळवलेली ही सगळी उंची सोडून द्यायची आणि त्याच गावात परत झोपायला यायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. कळसूबाई १६४६ मीटर. सकाळी चढून दुपारी उतरता येते; तिथे पायांतला जोर पुरतो. हिमालयात तो पुरत नाही. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण वरही तेच असतं, पण दाब कमी होतो. खिंडीत एका श्वासातून समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याच्या चालीनं. श्वास खोल होतो, रक्त हळूहळू बदलतं. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेलं की जाणकार विचारतात ते रात्रीच्या मुक्कामाबद्दल. तो रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं ते सांगतात. घाई केली तर धडधाकट तरुणही डोकं धरून बसतो.

महिनोन् महिने फिरायला निघालेली माणसंसुद्धा हा एक दिवस वाचवू पाहतात. वेळ असणं वेगळं, वेळ देणं वेगळं.

उंची गाठणं एका दुपारचं काम आहे. तिथे शांत झोप लागणं, हे सवडीनं होतं.

घरी असतानाही आपण कधीकधी आपल्या रोजच्या पातळीच्या वर जातो. आलेला राग गिळतो. जुनं काही मनापासून माफ करतो. दुसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून पुन्हा चिडतो, आणि कालचं ते सगळं वरवरचं होतं असं स्वतःला सांगून टाकतो.

ते वरवरचं नव्हतं. काल आपण खरोखरच तिथवर गेलो होतो. आज खाली आलो, म्हणून कालची उंची खोटी ठरत नाही. पुन्हा जावं, पुन्हा उतरावं. मुक्काम सावकाशच वर सरकतो.