टिकला म्हणजे नेमकं काय?

१९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर काढला. ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला, की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा, म्हणजे त्या वेळच्या महागड्या पेंटियम टूच्या तोडीस तोड. ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर असा पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि त्यात हौशी मंडळींची चंगळ झाली. धावायचा म्हणजे बहुतेक वेळा धावायचा. आणि हे ‘बहुतेक’ किती भरवशाचं, हे ठरवण्याची खटपट तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

घड्याळाच्या दर ठोक्याला संकेत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून निघतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याला मुक्कामी पोचावं लागतं. वेग वाढवला की दोन ठोक्यांमधली उसंत कमी होते, आणि सगळ्यात लांबचा रस्ता आधी हुकतो. व्होल्टेज वाढवलं तर ट्रान्झिस्टर चपळ होतात खरे, पण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो, चिप तापते आणि तापलेली चिप बहुधा पुन्हा मंदावते.

या खटपटीला हत्यार मिळालं ते भलतीकडूनच. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये अवाढव्य मूळ संख्या शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला. त्याच्या ‘प्राइम९५’ या प्रोग्रामला एका संख्येपायी यंत्र दिवसेंदिवस राबवावं लागे, आणि एक बिट चुकला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात यंत्राचीच झडती घेणारी सोय होती, नाव ‘टॉर्चर टेस्ट’. उत्तरं आधीच ठाऊक असलेली गणितं प्रोसेसरकडून सोडवून घ्यायची. त्यातले प्रचंड गुणाकार दशांशांच्या वाटेने होतात, पण शेवटी उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायलाच हवं. ते ०.४ हून जास्त लांब पडलं, की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळतं आणि चाचणी थांबते. गणितज्ञाचा काटेकोरपणा असा हौशी लोकांच्या कामी आला. रात्रभर पंखे घोंघावत ठेवायचे, चोवीस तास चूक निघाली नाही तर प्रोसेसर ‘स्थिर’. चोवीसच का? हा आकडा पृथ्वीच्या फिरण्यावरून आलाय. सिलिकॉनला त्याचं सोयरसुतक नाही.

चाचणीत चूक सापडली तर प्रोसेसर अस्थिर, हे पक्कं. न सापडली तर मात्र फार काही सिद्ध होत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. प्रोसेसरमध्ये प्रत्येक सूचनेचा रस्ता निराळा, प्रत्येक कोअरची कुवत निराळी. पूर्ण भाराखाली दिवसभर तग धरणारं यंत्र दुसऱ्या दिवशी रिकामं बसलेलं असताना हँग होतं, कारण हलक्या कामात आधुनिक प्रोसेसर एखाददुसऱ्या कोअरचा वेग शिखरावर नेतो, आणि तो टप्पा चाचणीत आलेलाच नसतो.

ही गोची फक्त हौशी लोकांची, असंही नाही. २००० साली एएमडीशी वेगाची चुरस ऐन रंगात असताना इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. परीक्षकांनी त्यावर लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं, तर ते काम तडीस जाईना. महिन्याभरात कंपनीला तो परत बोलवावा लागला. मला यात ओव्हरक्लॉकिंगच दिसतं, फक्त खोक्यावर छापलेलं. कंपनीने जाहीर केलेला वेग हाही अखेर एक अंदाजच. त्यात सुरक्षिततेची भर किती घालायची, एवढाच फरक.

यंत्र कोलमडून निळा स्क्रीन आला तर एका परीने बरंच म्हणायचं. चूक निदान तोंडावर येते. खरी धास्ती गुपचूप चुकणाऱ्या यंत्राची. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये अशा एका प्रोसेसरची हकीकत मांडली. त्यांच्या डेटाबेसमधून काही फायली नाहीशा होत होत्या. माग काढत गेल्यावर एका कोअरवर बोट ठेवता आलं: १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक मागितला की १५६ ऐवजी शून्य यायचं. फाइलचा आकार शून्य, म्हणजे फाइलच नाही, असं समजून पुढचा कारभार बिनबोभाट चालायचा. त्याच कोअरवर ५२ वा घात मात्र बिनचूक, १४२.